थर्मामीटर थांबतो, मीटर पळत राहतो : पाण्यात जाणारी उष्णता घरी मोजताना

आठवी_गल्ली (राजारामपुरी, कोल्हापूर)

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तो आलेख सगळ्यांनी पाहिलाय. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान. रेघ चढत जाते, उत्कलनांकाला पोचली की सपाट होते. आपण "अप्रकट उष्मा" (तापमान न वाढवता पाण्याची वाफ करण्यात जाणारी उष्णता) असं लिहून दोन गुण घेतो आणि पुढे जातो. माझी भाची यंदा दहावीला आहे. तिने विचारलं, "मामा, त्या सपाट रेघेत किती उष्णता जाते हे कुणी मोजलं कसं? थर्मामीटर तर काहीच सांगत नाही." प्रश्न मला फार आवडला. पुस्तकातला आकडा तिला नुसता वाचून दाखवण्यापेक्षा घरीच काढून बघायचं ठरवलं.

साहित्य साधं आहे. १००० वॅटची पाणी तापवायची रॉड, १४ सेंटिमीटर व्यासाचा स्टीलचा उंच डबा (वजन ५०० ग्रॅम), एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा वजनकाटा, लांब प्रोबचा डिजिटल थर्मामीटर आणि वीज मोजणारा प्लग. डबा काट्यावर ठेवला. रॉड लाकडी घोडीला अशी टांगली की डब्याला कुठेच टेकत नाही. डब्यात २५०० ग्रॅम पाणी.

रॉडवर १००० वॅट छापलं असलं तरी प्लगवर ९४० दिसत होते. आमच्याकडे व्होल्टेज २३०च्या खाली असतं आणि रॉडची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २१५ व्होल्ट आले तर १००० वॅटची रॉड ८७४ वॅटच देईल. म्हणून छापील आकडा धरून गणित करू नका, मोजूनच घ्या.

आता नोंदी. पाणी २४ अंशांवर होतं. सुरुवातीला तापमान मिनिटाला ५.२ अंशांनी चढलं. नव्वदीजवळ हाच वेग ४.९ झाला. साधारण साडेचौदा मिनिटांनी पाणी खळखळून उकळू लागलं आणि थर्मामीटर ९८ वर थांबला. तिथून पुढची दहा मिनिटं तो जागचा हलला नाही. प्लगवरचे ९४० वॅट मात्र तसेच चालू होते, आणि काट्यावरचं वजन २४० ग्रॅमनी कमी झालं.

९४० वॅट म्हणजे सेकंदाला ९४० ज्यूल. दहा मिनिटांत ५,६४,००० ज्यूल. भागिले २४० ग्रॅम, उत्तर २३५० ज्यूल दर ग्रॅमला. पुस्तकात २२५७ आहे. म्हणजे माझं उत्तर चार टक्क्यांनी जास्त येतंय. डब्याच्या बाजूंनी उष्णता बाहेर जाते हे कळतंय. ती मोजून वजा कशी करायची, हे जाणकारांनी सांगावं.

दहावी_ब

काका, पुस्तकात पाणी १०० अंशांना उकळतं असं आहे. तुमचं ९८ ला कसं उकळलं? थर्मामीटर चुकीचा आहे का? पाणी डिस्टिल्ड घ्यायला हवं होतं का?

मास्तर_करवीर

दहावी_ब, थर्मामीटर बरोबर आहे. १०० अंश हा समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाचा आकडा. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे. वरचा हवेचा थर तेवढा कमी, दाब कमी, म्हणून पाणी ९८ अंशांच्या किंचित वर उकळतं. पन्हाळ्यावर हाच प्रयोग केलास तर आणखी अंशभर खाली उकळेल. रत्नागिरीला मामाकडे गेलास तर शंभराच्या अगदी जवळ येईल. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी पडणारा फरक इतका बारीक असतो की या थर्मामीटरवर तो दिसायचाही नाही. डिस्टिल्ड पाण्यावर पैसे घालवू नकोस.

आता आठवी_गल्ली यांचा प्रश्न. तुमच्या नोंदी चांगल्या आहेत, त्यातूनच बरंच काही निघतं. आधी चढणारी रेघ बघू. मिनिटाला ५.२ अंश, शक्ती ९४० वॅट. म्हणजे डबा आणि पाणी मिळून एक अंश तापायला सुमारे १०,८५० ज्यूल लागले. स्टीलची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम एक अंशाने तापायला लागणारी उष्णता) साधारण अर्धा ज्यूल, म्हणून ५०० ग्रॅमच्या डब्याचे २५० ज्यूल वजा करा. उरले १०,६००. भागिले २५०० ग्रॅम पाणी, ४.२४ आले. पाण्याचा खरा आकडा ४.१८. एक-दीड टक्क्याचा फरक, ओट्यावरच्या प्रयोगाला उत्तमच म्हणायचा. (त्या डब्याला जुन्या पुस्तकांत ६० ग्रॅमचा जलतुल्यांक म्हणत. डबा म्हणजे हिशेबापुरतं ६० ग्रॅम जास्तीचं पाणी समजायचं.)

नव्वदीजवळचा ४.९ चा वेग धरून हेच गणित केलंत तर ४.५ येईल. म्हणजे तापलेल्या पाण्याला एका अंशासाठी जास्त उष्णता लागते का? नाही. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता शून्य अंशाला ४.२२, पस्तीस-चाळीसच्या आसपास सर्वांत कमी म्हणजे ४.१८, आणि शंभरला पुन्हा ४.२२. सगळा फरक एका टक्क्याच्या आसपास. ४.५ मध्ये जो फुगवटा दिसतो तो डब्याच्या बाजूंनी गेलेल्या उष्णतेचा आणि वरून सुटणाऱ्या वाफेचा आहे.

ती गळती मोजायची रीत अशी. पाणी उकळून दहा मिनिटं झाली की बटण बंद करा, प्लग काढा, मग रॉड बाहेर घ्या आणि लगेच डब्यावर घट्ट झाकण ठेवा. झाकणामुळे वाफ सुटणं जवळजवळ थांबतं. आता दर मिनिटाला तापमान लिहा. ज्या वेगाने ते उतरेल, त्याला डबा-पाण्याच्या एकूण उष्माधारकतेने गुणलं की बाजूंनी सेकंदाला किती ज्यूल जातात ते कळेल. तेवढे वॅट ९४० मधून वजा करा. झाकण ठेवण्याचं कारण लक्षात घ्या : उघड्या डब्यात निवण्याचा वेग बघितलात तर त्यात वाफेबरोबर गेलेली उष्णताही मोजली जाईल, आणि ती तर आपल्याला हिशेबात ठेवायची आहे.

एक धोक्याची गोष्ट आत्ताच सांगतो. रॉड चालू असताना डब्याला, पाण्याला, प्रोबला हात लावायचा नाही. प्रोब आधीच बांधून ठेवा. अर्थिंग नसलेल्या प्लगवर हा प्रयोग करू नका. मुलांनी मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय तर मुळीच नको.

मेसवाली_सागरमाळ

मी मुलांसाठी मेस चालवते, विज्ञान शाळेनंतर सुटलं. पण हे वाचताना हातातलं काम थांबलं. पाणी उकळल्यावर तापमान वाढतच नसेल, तर भाताचं आधण उकळल्यावर गॅस मोठा ठेवून काही उपयोग आहे का? आमच्याकडच्या बायका घाई असली की भातावरसुद्धा मोठाच जाळ ठेवतात.

मास्तर_करवीर

ताई, उघड्या पातेल्यात काहीच उपयोग नाही. तांदूळ शिजतो तो ९८ अंशांच्या पाण्यामुळे. गॅस मोठा केला तरी पाणी ९८ चं ९९ होत नाही, फक्त वाफ जास्त सुटते. उकळी टिकेल इतकाच जाळ पुरे.

याचा गॅसचा हिशेबही करून बघा. एक लिटर पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात. एक किलो एलपीजी जळला की साधारण ४६,००० किलोज्यूल मिळतात, पण शेगडीवरून त्यातले ६०-७० टक्केच भांड्यात जातात. गणित केलंत तर दर लिटर पाण्यामागे ७५ ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. १४.२ किलोच्या घरगुती टाकीतून नुसतं पाणी उडवायचं म्हटलं तर १९० लिटरच्या आत टाकी संपेल. मेसमध्ये दिवसभरात किती पाणी वाफ होऊन जातं याचा अंदाज तुम्हालाच असेल.

कुकरचं वेगळं. तिथे दाब वाढतो म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास जातं आणि डाळ लवकर शिजते. पण तिथेही पहिली शिटी झाल्यावर गॅस बारीक करावा. दाब शिटीच्या वजनाने ठरलेला असतो. जास्तीची उष्णता शिटीतून बाहेर जाते.

मेसवाली_सागरमाळ

उद्यापासून भातावर झाकण आणि बारीक गॅस. आणि हे मुलींनाही दाखवते, नुसतं सांगून ऐकत नाहीत.

ऊसकरी

आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ हाय. आज्यापासनं चालत आलंय. ह्यातलं गणित मला ठाऊक न्हवतं, पण गोष्ट रोज डोळ्यासमोर हाय. काहिलीत रस घातला की पहिल्यांदा तापाय लागतोय, मळी वर येती, भेंडीचं पाणी घालून मळी काढायची. तवर रस उकळाय लागतोय. तिथनं पुढं नुसतं उकळालंय, उकळालंय. चुलवाणात चिपाड सारून जाळ घालणारा घामानं भिजतोय आणि रस हाय तसाच दिसतोय. मग शेवटाला एकदम फरक पडाय लागतो. काकवी, मग पाक. तवा गुळव्याची नजर लागती. थेंब थंड पाण्यात टाकून गोळी होतीया का बघायची, आणि झाली की काहील लगेच उतरायची. जरा उशीर झाला तर गूळ करपलाच.

माझा सवाल हा हाय : रस तापवायला जेवढं चिपाड लागतंय त्याच्या किती पट उकळायला लागतंय? आणि शेवटाला तापमान एकदम का पळतंय?

आठवी_गल्ली

ऊसकरी दादा, हा माझ्या डब्याचाच मोठा अवतार आहे. समजा हजार किलो रस घेतला. उसाच्या रसात पाचवा हिस्सा साखर आणि बाकीचं धरलं तर आठशे किलोच्या आसपास पाणी. गूळ होईपर्यंत त्यातलं सुमारे ७९० किलो उडवावं लागतं.

रस तापवणं : रसाची विशिष्ट उष्माधारकता पाण्यापेक्षा थोडी कमी, ३.७ च्या आसपास. हजार किलो, ७४ अंश. सुमारे २,७४,००० किलोज्यूल.

पाणी उडवणं : ७९० गुणिले २२५७. सुमारे १७,८३,००० किलोज्यूल.

साडेसहा पट! दोन्ही मिळून वीस लाख किलोज्यूलच्या वर. वाळलेल्या चिपाडातून किलोला १५,००० किलोज्यूल मिळतात असं धरलं आणि चुलवाणातली एक तृतीयांश उष्णताच रसात जाते असं धरलं, तर चारशे किलोच्या आसपास चिपाड लागेल. तुमच्याकडे एका आधणाला किती जातं?

ऊसकरी

वजन करून कोण घालत न्हाई, पण एक किलो गुळामागं दोन किलोच्या वर चिपाड जातंय असं आमचं म्हातारं सांगायचं. हजार किलो रसाला दोनशे किलोच्या वर गूळ पडतोय. म्हणजे तुमचं चारशे बरोबर बसतंय की!

मास्तर_करवीर

शेवटी तापमान का पळतं ते मी सांगतो. पाण्यात साखर विरघळली की उत्कलनांक वाढतो. सुरुवातीला रस पातळ असतो, तेव्हा ही वाढ अर्ध्या अंशाचीही नसते. पाणी उडत गेलं की साखरेचं प्रमाण वाढतं, पण बराच काळ परिणाम थोडाच असतो. शंभरात ऐंशी भाग साखर झाली की उत्कलनांक दहा अंशांनी वर गेलेला असतो, आणि तिथून पुढे थोडंसं पाणी गेलं तरी तो झपाट्याने चढतो. गूळ उतरवण्याची वेळ ११५ ते ११८ अंशांच्या आसपास येते. तुमचा गुळव्या पाण्यातल्या गोळीवरून जे ओळखतो ते खरं तर पाकात किती पाणी उरलंय हेच आहे. थर्मामीटर तीच गोष्ट आकड्यात सांगेल.

उष्णता अशी मोजायची कल्पना पहिल्यांदा ज्यांच्या डोक्यात आली त्या जोसेफ ब्लॅक यांच्याबद्दल सांगायलाच हवं. ते स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या विद्यापीठात शिकवत. त्यांच्याजवळ ना वीज, ना वॅटमीटर. ४ ऑक्टोबर १७६२ रोजी त्यांनी पत्र्याच्या सपाट बुडाच्या भांड्यात थोडं पाणी घेतलं आणि ते तापून लाल झालेल्या लोखंडी तव्यावर ठेवलं. पाणी ५० अंश फॅरनहाइटवर होतं. चार मिनिटांत उकळलं. सगळं पाणी आटायला पुढे वीस मिनिटं लागली. ब्लॅक यांचा तर्क असा : तवा दर मिनिटाला सारखीच उष्णता देतो. चार मिनिटांत पाणी १६२ अंश फॅरनहाइट चढलं, म्हणजे मिनिटाला साडेचाळीस. मग वीस मिनिटांत जी उष्णता आत गेली ती ८१० अंशांइतकी, आणि ती थर्मामीटरला अजिबात दिसली नाही.

आजचा आकडा सुमारे ९७० आहे. तरी नुसत्या घड्याळावर केलेलं हे मोजमाप बघा! त्यापूर्वी बहुतेकांची समजूत अशी होती की उकळी आली की थोडी उष्णता आणखी दिली तर सगळं पाणी एकदम वाफ होऊन जायला हवं. ब्लॅक म्हणाले, तसं होत नाही हे प्रत्येक स्वयंपाकघरात दिसतं, मग ती उष्णता जाते कुठे? जेम्स वॅट त्यांचे स्नेही होते, आणि वाफेच्या इंजिनातली उष्णतेची नासाडी वॅट त्याच सुमारास तपासत होते.

आठवी_गल्ली, तुमच्या नोंदींना ब्लॅक यांची पद्धत लावून बघा. ७४ अंशांना साडेचौदा मिनिटं. दहा मिनिटांत २४० ग्रॅम या वेगाने २५०० ग्रॅम आटायला १०४ मिनिटं लागतील. गुणोत्तर ७.२. पुस्तकी आकड्यांवरून ७.३ यायला हवं. वॅटमीटर नसता तरी तुम्ही बरोबर पोचला असता.

दहावी_ब

सर, आमच्याकडे वीज मोजणारा प्लग नाही. मग?

वाफवाला_शिरोली

घराबाहेरचा मीटर वापर. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा तो लागतो ते छापलेलं असतं. ३२०० लिहिलं असेल तर एक लुकलुक म्हणजे ११२५ ज्यूल, कारण एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. ९४० वॅटला मिनिटाला पन्नास वेळा लागेल. फक्त त्या वेळात घरातला फ्रिज, पंखा, सगळं बंद ठेव.

मी शिरोलीत कारखान्यात बॉयलरवर आहे. आठवी_गल्ली यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली : खळखळून उकळताना वाफेबरोबर बारीक थेंबही वर उडतात. ते थेंब वाफ न होताच वजनातून जातात, त्यांनी अप्रकट उष्मा घेतलेलाच नसतो. बॉयलरमध्ये आम्ही याला ओली वाफ म्हणतो आणि ती टाळायला फार धडपडतो. म्हणजे गळती वजा केल्यावर तुमचं उत्तर २२५७ च्या थोडं खाली आलं तर नवल वाटून घेऊ नका. डब्याच्या काठापासून पाणी जितकं खाली तितके थेंब कमी उडतील.

दुसरी : रॉडचा जो भाग पाण्यात बुडालाय तेवढ्या पाण्याचा भार काट्यावर पडतो. पाणी उतरलं की रॉडचे दांडे उघडे पडतात आणि तो भार कमी होतो. तुमच्या डब्यात २४० ग्रॅमला पातळी दीडेक सेंटिमीटर उतरली असेल. दोन्ही दांड्यांची जाडी धरून दीड ग्रॅमचा फरक पडेल. खरं उडालेलं पाणी २३८ च्या आसपास.

आणि ताई, वाफेपासून हात जपा. एक ग्रॅम वाफ कातडीवर पडून पाणी झाली की २२५७ ज्यूल तिथेच सोडते, मग वर तापलेल्या पाण्याचे अडीचशे. उकळत्या पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी जास्त भाजतं. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

मास्तर_करवीर

वाफवाले, दांड्याचा मुद्दा अप्रतिम! माझ्या लक्षात आला नव्हता.

त्यावरून आणखी एक युक्ती सुचवतो. गळती मोजायचीच नसेल तर दोन वेगळ्या शक्तींवर प्रयोग करा. डबा तोच, तापमान तेच ९८, म्हणजे बाजूंची गळती दोन्ही वेळा सारखीच. दोन्ही शक्तींमधला फरक घ्या, उडालेल्या पाण्यातला फरक घ्या, भागाकार करा. गळती आपोआप निघून जाते. १५०० वॅटची रॉड मिळाली तर बघा, मात्र ती ६ ॲम्पिअरच्या साध्या प्लगवर लावू नका, १६ ॲम्पिअरचाच सॉकेट हवा.

आठवी_गल्ली

दोन्ही केलं. भाचीने सगळ्या नोंदी लिहिल्या, मी बटणं सांभाळली.

झाकण ठेवून निववलं तेव्हा दहा मिनिटांत ३.१ अंश उतरले. उरलेलं पाणी आणि डबा मिळून अंशाला सुमारे ९,७०० ज्यूल. गळती आली ५० वॅट. मग ९४० वजा ५०, म्हणजे ८९० वॅट, दहा मिनिटं, २३८ ग्रॅम. उत्तर २२४४.

मग शेजाऱ्यांची १५०० वॅटची रॉड आणली. प्लगवर १४१० दिसले. दहा मिनिटांत, दांड्यांचा फरक धरून, ३६४ ग्रॅम गेले. शक्तीतला फरक ४७० वॅट, म्हणजे २,८२,००० ज्यूल. पाण्यातला फरक १२६ ग्रॅम. उत्तर २२३८. ९८ अंशांना खरा आकडा २२६२ च्या जवळ असतो, म्हणजे आपण एक टक्क्याने कमी आहोत. मोठ्या रॉडला थेंबही जास्त उडत होते, भिंतीवर डाग दिसतायत. वाफवाले म्हणाले तसंच.

तापमान ९८ वरच होतं, दोन्ही वेळा. भाचीने ते पुन्हा पुन्हा तपासलं.

ऊसकरी

सर, औंदाच्या हंगामात काहिलीला थर्मामीटर लावून बघायचा इचार हाय. गुळव्याची गोळी आणि आकडा, दोन्ही एकदम लिहून ठेवतो. कसला थर्मामीटर घ्यावा?

मास्तर_करवीर

काचेचा, पाऱ्याचा बिलकुल नको. फुटला तर अख्खं आधण फेकावं लागेल, आणि पारा विषारी. स्टीलच्या लांब दांड्याचा, २०० अंशांपर्यंत जाणारा डिजिटल घ्या. दांडा काहिलीच्या बुडाला टेकू देऊ नका, तिथे जाळाची झळ लागून आकडा वाढीव येईल. आधी साध्या उकळत्या पाण्यात बुडवून ९८ दाखवतो का ते बघा, जितका फरक येईल तितका पुढच्या प्रत्येक नोंदीतून दुरुस्त करा. आणि दर पाच मिनिटांनी वेळ, तापमान आणि किती चिपाड घातलं ते लिहा. पहिल्या आधणाच्या नोंदी इथे टाकल्यात तर आठवी_गल्लींच्या भाचीला आलेख काढायला देऊ.